तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यातला सांधा

सोयाबीन काढायला सुरुवात झाली की आमच्याकडची हवा खरखरीत होते. मळणीयंत्रातून उडालेला भुसा रस्त्यावर, झाडांवर, बसच्या खिडकीच्या कडेला साचतो आणि गळ्यापाशी खाज सुटते. दसऱ्याला माहेरी जाताना मी बुलढाण्याहून मेहकरची बस धरते, ओढणीने नाक झाकते आणि चिखली मागे पडली की गप्प होते. शेजारची बाई पोराबाळांची चौकशी करत असते, मी हो-नाही म्हणत असते, पण माझं लक्ष पुढे असतं. मेहकरच्या अलीकडे एक पूल लागतो. नेमका कुठला ते सांगणार नाही, कारण सांगितलं तर कोणीतरी खाली उतरून वर बघत उभं राहील आणि मग गावभर काहीबाही होईल.

बस पुलावर चढते. माणसं पेंगत असतात, कंडक्टर तिकिटं तपासत असतो. मी ताठ बसते आणि कान देते. ज्या सांध्याची मला भीती आहे त्याचा आवाज येत नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी स्थापत्य शिकवते, तंत्रनिकेतनात मुलांना हेच सांगते. तरी कान देते. पूल संपतो, बस उसाच्या रसवंतीपाशी हळू होते आणि माझी पाठ पुन्हा बाकाला टेकते.

मी संशयी आहे. हे कौतुकाने सांगत नाही. दूधवाला ‘आजचंच आहे’ म्हणाला की मी पिशवीवरची तारीख बघते. गॅसवाल्याला सिलिंडर वजन करून दाखवायला लावते. औषधाच्या दुकानातली गोळी डॉक्टरांनी लिहिलेलीच आहे ना, हे दोनदा ताडून पाहते. नवरा म्हणतो, लग्नाआधी तू माझीही चाचणी घेतली असशील. घेतली होती. त्याच्या गावात दोन निरनिराळ्या माणसांकडे चौकशी केली आणि दोघांची उत्तरं जुळतात का ते पाहिलं. आईचं माझ्याबद्दल एकच म्हणणं असतं, “इचं काही खरं नाही बाप्पा. देवानं परसाद देला तरी हुंगून पाह्यन.”

असा स्वभाव घरात डोकेदुखीचा असतो, पण बांधकामावर त्यालाच गुण म्हणतात. त्या पुलाचे तुकडे जिथे ओतले जात होते त्या यार्डात माझी पहिली नोकरी लागली, ती गुणवत्ता तपासायची. साखरखेर्ड्याच्या बाजूला, सपाट केलेल्या एका माळावर ते यार्ड होतं. तिन्ही बाजूंना सोयाबीन. मधोमध मोठमोठे साचे, दोन उंच क्रेन आणि ओळीने मांडून ठेवलेले काँक्रीटचे पोकळ तुकडे, एकेक खोलीएवढा. आम्ही त्यांना कागदोपत्री सेगमेंट म्हणायचो आणि तोंडी तुकडा.

आसपासचे शेतकरी बघायला यायचे आणि माझ्याहून जास्त संशयाने बघायचे. इथे तुकडे ओतायचे, ट्रेलरवरून नदीवर न्यायचे, वर टांगायचे, एकमेकांना गोंदाने चिकटवायचे आणि मग सगळ्यांतून पोलादी केबल ओवून ताणायच्या, असं मी समजावून सांगायचे. एका म्हाताऱ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तुमच्या घरची भिताड बी गोंदानंच चिकटवली काय मॅडम?” मी म्हणाले, बाबा, पुलाला केबल धरून ठेवते, गोंद फक्त पाणी आत जाऊ देत नाही. त्यांनी मान डोलावली, पण जाताना सोबतच्याला म्हणाले, “आपण आपले नदीतूनच जाऊ बे.”

गोंद पाणी आत जाऊ देत नाही, हे वाक्य मी तेव्हा फार सहज बोलून गेले.

या पद्धतीत एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडायची. पहिला तुकडा साच्यात ओततात. तो घट्ट झाला की पुढे सरकवतात आणि त्याच्याच पाठीला लागून दुसरा ओततात. म्हणजे आधीच्याची पाठ हाच पुढच्याच्या साच्याचा एक पत्रा होतो. तिथे खाच असेल तर इथे तसाच उंचवटा येतो. तिथे चुकून पोचा आला असेल तर इथे त्याला साजेसं टेंगूळ येतं. त्यामुळे चौथा तुकडा जगात फक्त तिसऱ्याला आणि पाचव्याला बसतो, दुसऱ्या कोणाला नाही. एखादा बिघडला तर दुसरीकडचा उचलून आणता येत नाही.

पण ओलं काँक्रीट जुन्याला चिकटलं तर दोघं जन्माचे एक होतील. म्हणून मध्ये साबण आणि शंखजिऱ्याची पूड कालवून फासायची. नंतर तुकडे वेगळे केले की तोच साबण घासून, धुऊन असा काढायचा की कणही उरता कामा नये, नाहीतर नदीवर गोंद धरणार नाही. आधी चिकटू नये म्हणून लावायचं, मग चिकटावं म्हणून काढायचं. हे काम सलीमचाचांकडे होतं.

सलीमचाचा मेहकरचे. घराणं सुतारकामाचं, लाकडी साच्यांपासून लोखंडी साच्यांपर्यंत हात चाललेला, वय पन्नाशीच्या पुढे. साच्याचे मिस्त्री म्हणून यार्डात त्यांचा दरारा होता. तुकडा साफ झाला की ते त्यावर बोट घासायचे आणि जिभेला लावायचे. “साबण असन तं जीभ सांगते,” म्हणायचे. माझा जिभेवर विश्वास नव्हता. मी मागोमाग पांढरं फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन जायचे, थेंब टाकायचे, थेंब कसा पसरतो ते बघायचे.

“काय पाह्यता मॅडम?”

“साबण राहिलाय का ते.”

“राह्यला तं माह्या नावानं बोंबला साऱ्या यार्डात. पण सापडला तं.”

कधी सापडला नाही. तरी मी फडकं सोडलं नाही आणि त्यांनी कधी ते मनावर घेतलं नाही. उलट नव्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे की ही बाई आहे तोवर पूल पडत नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. खरं सांगायचं तर थोडा माजही चढायचा.

आता वर्गात मी मुलांना विचारते, पुलाचा आकार कोण ठरवतं? मुलं म्हणतात नदी, वजन, गाड्या. मी म्हणते, तो कसा बांधणार आहात ते आधी सांगा. आमच्या पुलाचे तुकडे पहिल्या नकाशात चांगले लांब होते. मग रिकामा ट्रेलर यार्डापासून नदीपर्यंत नेऊन पाहिला आणि एका गावाच्या वळणावर, मशिदीच्या आणि पिठाच्या गिरणीच्या मधे, तो अडकला. मशीद हलणार नव्हती, गिरणीवाला हलायला तयार नव्हता. तेव्हा तुकडेच आखूड झाले. आमचे मोठे साहेब, म्हणजे यार्डाचे प्रमुख, नकाशा मिटत म्हणाले, “हा पूल नदीने नाही ठरवला, गिरणीने ठरवला.” सगळे हसले. मी मनात मोजत होते की तुकडे आखूड झाले म्हणजे सांधे वाढले. प्रत्येक जादा सांधा म्हणजे पाण्याला आत शिरायला एक जादा जागा.

तसंच बाकीचं. आमच्याकडे खांबाखांबांमध्ये मोठा लोखंडी गर्डर बसवून त्याला एका गाळ्याचे, म्हणजे दोन खांबांमधले, सगळे तुकडे टांगायचे होते, म्हणून पूल सगळीकडे सारख्याच जाडीचा झाला. तोच खांबापासून दोन्हीकडे हात पसरत वाढवला असता तर खांबापाशी जाड आणि टोकांकडे बारीक करावा लागला असता, बैलांच्या जुवासारखा. केबलची टोकं जिथे अडकवायची तिथे भिंती फुगवाव्या लागल्या. उचलायला वरून भोकं ठेवली, ती नंतर बुजवली. पूल उभा राहिल्यावर यातलं काही कोणाच्या ध्यानात येत नाही. लोक त्यावरून जातात. मला मात्र कुठलाही पूल दिसला की तो कसा उचलला असेल तेच आधी दिसतं आणि उचलताना कोणाचं काय चुकलं असेल, हेही मनात येऊन जातं.

त्या वर्षी नवमीला यार्डात खंडेपूजन झालं. क्रेन धुतल्या, ट्रेलरला झेंडूचे हार घातले. सलीमचाचांनी आपला ओळंबा, गुण्या आणि पाणसळ चकचकीत पुसून पाटावर आणून ठेवली. पहिल्या गाळ्याचे तुकडे दोन दिवसांत नदीवर जायचे होते. साहेब म्हणाले, पूजा मॅडमच्या हातून होऊ द्या, यार्डात लेक म्हणावी अशी एकच आहे. मी लाजले आणि ताट हातात घेतलं.

ओळीतला जवळचा तुकडा चार नंबरचा होता. मी त्याला कुंकू लावलं, पण कोरड्या काँक्रीटला ते धरेना, भुरभुर खाली पडलं. आई ट्रॅक्टरला कुंकू तेलात कालवून लावते, तेही बोटभर जाड, म्हणजे वर्षभर दिसतं. मी तसंच केलं. यार्डाच्या स्वयंपाकघरातून वाटीत गोडं तेल मागवलं, कुंकू कालवलं आणि समोरच्या उघड्या तोंडावर, कमरेच्या उंचीला, जिथे भिंत तळाला मिळते त्या रुंद कोपऱ्यावर वीतभर स्वस्तिक काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सलीमचाचांनी पेढा घेतला. नारळ फोडला. जी जागा मी रोज फडकं घेऊन तपासायची, त्याच जागेवर मी तेल फासत होते आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. देवाचं करताना माणूस स्वतःवर संशय घेत नाही.

त्या रात्रीपासून दोन दिवस परतीचा पाऊस लागला. स्वस्तिक वरवर धुऊन गेलं. उन्हं पडल्यावर तुकडे नदीवर गेले. तिथे फक्त हवेच्या झोताने धूळ उडवायची होती, सफाई यार्डातच झाली होती आणि तिच्या कागदावर सलीमचाचांची सही होती.

तुकड्यांना गोंद लावून दाबताना तो सगळीकडून मण्यामण्यांनी बाहेर यायला हवा. बाहेर आला म्हणजे आत सगळीकडे पोचला. मी शिडीवरून प्रत्येक सांध्याभोवती बोट फिरवलं. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या सांध्यात, खालच्या कोपऱ्यात, वीतभर जागेत गोंद आलेलाच नव्हता. शेजारचा थोडा आला होता तो दुसऱ्या दिवशी नखाने उचलला तर सालपटासारखा सुटून आला. मनात पाल चुकचुकली आणि ती चाचांच्या नावाने चुकचुकली. साबण. दुसरं काय असणार? त्या आठवड्यात त्यांच्या घरी लग्न होतं, दोन दिवस ते लवकर गेले होते. मला एकेक गोष्ट आठवत गेली आणि प्रत्येक गोष्ट जुळत गेली. संशयाचं असंच असतं, त्याला पुरावा कमी पडत नाही.

मी अहवाल लिहिला. तुकडा क्रमांक, सांधा क्रमांक, दोष: गोंद धरला नाही, कारण: पृष्ठभागाची सफाई अपुरी. जबाबदार व्यक्ती या रकान्यात त्यांचं नाव घातलं. फडक्याने मी स्वतः तो तुकडा तपासला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या वेळी साबण वाळलेला असेल, म्हणून दिसला नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

साहेबांनी त्यांना बोलावलं. मीही तिथे होते. चाचांनी कागद वाचला. मग म्हणाले, “मी तं साफ केला होता साहेब. जिभेनं पाह्यला.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हा चाचांनीही माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. “पण मॅडमनं लिहलं असन तं राह्यला असन. मॅडम उगंच नाही लिहत.” दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. जाताना पूजेला ठेवलेला ओळंबा तेवढा घेऊन गेले.

पूल थांबला नाही. मोठ्या कार्यालयातले तज्ज्ञ आले, त्यांनी तपासलं, केबलच्या ताणाने सांधा घट्ट मिटलेला राहतो, तेव्हा ताकदीला धोका नाही, एवढी जागा खरवडून नवा गोंद दाबून भरा, असं सांगितलं. दहा-बारा दिवसांनी ते काम निघालं आणि मी शिडीवर उभी होते. कारागिराने पातळ लोखंडी पात आत घालून ओढली तर पातीच्या टोकाला लालसर, तेलकट गाळ आला. त्याने तो पँटला पुसला आणि पुढे काम करत राहिला. ते तेलात कालवलेलं माझं कुंकू होतं.

मी बोलले नाही. त्याच आठवड्यात माझी नोकरी कायम झाली होती. मॅडमनेच सांध्यावर तेलाचं स्वस्तिक काढलं, ही गोष्ट साऱ्या साइटवर हसत हसत फिरली असती आणि पुढे कुठल्याही बाईने फडकं हातात घेतलं असतं तरी हसत हसत फिरली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट साधी होती, मी भ्याले. नंतर मी एक युक्ती शोधली. तेल असेलच, पण थोडा साबणही असेल, कोणी सांगावं? अर्धा संशय चाचांवर ठेवला की माझ्या वाट्याला अर्धाच उरायचा, आणि तेवढ्यावर झोप लागायची. वर्षं गेली. नोकरी सोडली, लग्न झालं, शिकवायला लागले. मुलांना दोष लपवू नका म्हणून सांगताना फळ्याकडे तोंड करते.

नवा गोंद भरला तरी माझी खात्री नाही. तेल काँक्रीटमध्ये किती खोल गेलं असेल? कुठेतरी बारीक फट राहिली असेल तर पाणी केबलपर्यंत जाईल आणि गंज आतल्या आत वाढेल. बाहेर दिसेल तो फक्त सांध्यातून उतरणारा चुन्याचा पांढरा ओघळ. म्हणून दरवर्षी पावसाळा संपला की, दसऱ्याच्या आसपास, मी माहेराहून रिक्षाने पुलापर्यंत जाते, काठाच्या दगडी उतारावरून खाली उतरते आणि वर बघते. आजवर ओघळ दिसलेला नाही. पुढच्या वर्षी दिसेल, असं प्रत्येक वेळी वाटतं.

यंदा उतारावर आधीच कोणीतरी उभं होतं. कपाळावर हात धरून, मान मागे टाकून, नेमकं त्याच जागी बघत. दाढी पूर्ण पांढरी झाली होती, पण उभं राहायची ढब तीच होती.

“चाचा?”

त्यांनी वळून पाहिलं आणि क्षणात ओळखलं. “मॅडम. तुमी बी येता काय?”

“दरवर्षी येते.”

“मी बी. पाऊस गेला का एकडाव पाहून जातो. सुका आहे म्हटलं का साल निंगून जाते.” घरच्यांची खुशाली विचारून झाल्यावर मी काम कुठे चालू आहे म्हणून विचारलं. “पुलाचं काम सोडलं. आता चौकटी करतो, दाराच्या. चौकट वाकडी झाली तं कोणी मरत नाही.” ते हसले. “हातावर भरोसा नाही राह्यला जी. साफ केलं, जिभेनं पाह्यलं, अन् तरी राह्यलं. मंग जिभेचं काय घेऊन बसलं?”

इतक्या वर्षांत माझ्या मनात हे कधी आलंच नव्हतं. ते माझ्यावर रागावले असतील, शिव्या देत असतील, हे सगळं मी धरून चालले होते. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला असेल, हे नव्हतं. मला उभ्या उभ्या लाज वाटली आणि मी सांगून टाकलं. नवमी, कोरडं काँक्रीट, तेलाची वाटी, पातीला लागलेला लाल गाळ, सगळं. ते ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

“चाचा, दोष तुमचा नव्हता. माझा होता.”

“कवा दिसलं म्हणता लाल?”

“तुम्ही गेल्यावर दहा-बारा दिवसांनी.”

त्यांनी मान हलवली आणि समजुतीने हसले. “मॅडम, लय चांगल्या मनाच्या आहे तुमी. म्हाताऱ्याचं मन राखून राह्यले.”

“नाही चाचा, खरंच सांगते.”

“खरं असतं तं तुमी तवाच बोलल्या असत्या. मी काय वळखत नाही तुमाले? साच्याचा एक बोल्ट ढिला दिसला तं भर पावसात साहेबाले बोलवून आणलं होतं तुमी. अन् माह्यं काम जाऊन राह्यलं, हे पाहून तुमी गप बसल्या असत्या? नाही. इतका तं भरोसा आहे मले.”

“मी भ्याले होते चाचा,” मी म्हणाले.

“असं नका बोलू सोताले,” त्यांनी मलाच समजावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग पुन्हा कपाळावर हात धरून, मान वर करून, त्या सांध्यातली आपली चूक बघत राहिले.